अंगठा काढायचा की गोळ्या बदलून पाहायचं?

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: "माझे वडील 64 वर्षांचे आहेत, मधुमेह 16 वर्षांपासून. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली चवड्यावर जाड घट्टा होता. तो सोलून निघाला आणि खाली जखम दिसली. पाच आठवडे घरीच ड्रेसिंग चालू आहे, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. गेल्या चार दिवसांत अंगठा सुजलाय, लाली पायाच्या पाठीकडे सरकतेय, पट्टीला वास येतो. पण बाबांना दुखत नाही, तापही नाही, म्हणून ते रोज फिरायला जातात. उपाशीपोटीची साखर 150 च्या आसपास असायची, ती आता 260 आहे. जखमेवर कापसाची काडी फिरवून घेतलेल्या नमुन्यात तीन प्रकारचे जंतू निघाले. एक्स-रे नॉर्मल आला. एक डॉक्टर म्हणतात अंगठा काढावा लागेल, दुसरे म्हणतात गोळ्या बदलून पंधरा दिवस पाहू. आम्ही कोणाचं ऐकावं?"

ताई, बाबांना उद्याच्या उद्या अशा ठिकाणी न्या जिथे मधुमेही पायाची जखम नियमित पाहिली जाते, आणि जिथे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि रक्तवाहिन्यांचे डॉक्टर दोघेही आहेत. पंधरा दिवस वाट पाहण्याची वेळ निघून गेली आहे. अंगठा काढायचा निर्णय मात्र आज घ्यायची गरज नाही, कारण तो घेण्यासाठी लागणाऱ्या तपासण्यांपैकी एकही नीट झालेली पत्रावरून दिसत नाही. त्या कोणत्या, ते सविस्तर सांगतो. त्याआधी आज रात्रीपुरतं पाहू.

आत्ताच एक बॉलपेन घ्या आणि लाली जिथे संपते तिथे कातडीवर रेष ओढा. रेषेशेजारी वेळ लिहा. जखमेच्या कडेपासून लालीच्या टोकापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. हे अंतर 2 सेंटीमीटर किंवा जास्त असेल, तर संसर्ग सौम्य राहिलेला नाही. लाली पायाच्या पाठीवर पोहोचल्याचं तुम्ही लिहिलं आहे, म्हणजे बहुधा ही मर्यादा ओलांडली गेलीय. दर दोन-तीन तासांनी पाहा. लाली रेषेच्या बाहेर गेली तर सकाळची वाट पाहू नका. ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर किंवा 36 च्या खाली, हुडहुडी, शांत बसलेले असतानाही नाडी मिनिटाला 90 च्या वर, श्वास मिनिटाला 20 च्या वर, उलट्या, ग्लानी किंवा बरळणं, कातडी निळसर-काळी पडणं, रक्ताळ पाण्याचे फोड, दाबल्यावर कातडीखाली चरचर जाणवणं, यातलं काहीही दिसलं तरी रात्रीच तातडीच्या विभागात जा. आणखी एक खूण लोकांच्या लक्षात येत नाही. वर्षानुवर्षं बधिर असलेला पाय अचानक दुखायला लागला, तर संवेदना परत आली असं समजू नका. बहुतेकदा आत खोलवर पू साठलेला असतो किंवा पायाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो.

दुखत नाही आणि ताप नाही, या दोन गोष्टींवर तुमचं घर निर्धास्त राहिलं. हे अगदी स्वाभाविक आहे, पण मधुमेही पायाच्या बाबतीत दोन्ही खुणा फसव्या आहेत. दीर्घ मधुमेहाने पायाच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा निकामी होतात, म्हणून दुखत नाही. तापाचं म्हणाल तर पायात गंभीर संसर्ग असूनही ताप न येणारे आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी न वाढलेले रुग्ण पुष्कळ असतात. खाणं आणि गोळ्या त्याच असताना साखर 150 वरून 260 वर गेली, हीच बाबांच्या शरीराने दिलेली सूचना आहे. सूज, जखमेभोवती अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त लाली, दाबल्यावर दुखणं, स्पर्शाला गरम लागणं आणि पू, या पाचांपैकी दोन असले की संसर्ग आहे असं धरतात. दोन तर तुम्हीच लिहिली आहेत.

आता घाई का, ते समजून घ्या. तळपाय म्हणजे आतून घट्ट पडद्यांनी वेगळे केलेले कप्पे आहेत, आणि त्यांतून बोटांचे स्नायुबंध टाचेकडे, घोट्याकडे जातात. अंगठ्याखालचा पू या स्नायुबंधांच्या कडेने मागे सरकतो. वरून जखम रुपयाएवढी दिसते आणि आत पू तळव्याच्या मध्यापर्यंत गेलेला असतो. बंद कप्प्यात पू साठला की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि आधीच कमी रक्त मिळणारं मांस मरायला लागतं. मेलेल्या मांसात आणि पुवात अँटिबायोटिक पोहोचत नाही. रक्तच नाही तर औषध जाणार कशातून? म्हणून "गोळ्या बदलून पाहू" हा सल्ला आत पू असेल तर कितीही भारी गोळीने फळत नाही. तो पू मोकळा करावा लागतो, आणि ते काम तासांच्या हिशेबात व्हावं लागतं. तपासताना डॉक्टर तळव्याची कमान टाचेकडून बोटांकडे दाबत येतात. तेव्हा जखमेतून पू बाहेर आला, तर आतला मार्ग लगेच कळतो.

यानंतर खोली मोजायची. जखम धुऊन, वरचा घट्टा आणि मेलेली कातडी काढल्यावर निर्जंतुक, बोथट टोकाची धातूची सळई हलक्या हाताने आत घालतात. टोकाला टणक, खरखरीत काही लागलं तर ते हाड. पाच आठवडे जुन्या, वास येणाऱ्या जखमेत हाड लागलं, तर हाडात संसर्ग असण्याची शक्यता बरीच मोठी धरतात. दोन मिनिटांची ही तपासणी. ती झाली का, असं स्पष्ट विचारा. आश्चर्य वाटेल, पण अनेकदा पट्टी न सोडताच रिपोर्ट पाहिले जातात.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून हाड चांगलं, असं धरू नका. हाडातला संसर्ग एक्स-रेवर दिसायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. पहिला नॉर्मल असेल तर दोन-तीन आठवड्यांनी तोच एक्स-रे पुन्हा काढून दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे असतात. रक्ताच्या तपासणीत ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारा आकडा) 70 च्या वर असेल तर हाडाबद्दलचा संशय वाढतो. शंका उरली तर एमआरआय. हाडाचा तुकडा काढून त्याची जंतू तपासणी आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, हा सगळ्यांत खात्रीचा पुरावा. शस्त्रक्रिया होणारच असेल तर तो तुकडा तपासायला पाठवणार ना, हे आधी विचारून ठेवा.

तीन जंतूंच्या रिपोर्टबद्दल. उघड्या जखमेच्या पृष्ठभागावर जंतू असतातच. न धुतलेल्या जखमेवर काडी फिरवली की वर राहणारे जंतू उगवतात, आणि आत खरं नुकसान करणारा जंतू त्यात असेलच असं नाही. मग तिन्ही जंतूंना पुरी पडणारी भारी औषधं सुरू होतात आणि खरा गुन्हेगार सुटतो. योग्य रीत अशी: जखम धुवायची, मेलेला भाग काढायचा आणि तळातून मांसाचा बारीक तुकडा खरवडून किंवा कापून निर्जंतुक डबीत पाठवायचा, शक्यतो नवं अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. प्रकृती गंभीर असेल तर मात्र औषध रिपोर्टसाठी थांबवत नाहीत. नमुना घेतला की लगेच सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर नेमकं औषध ठरवतात. आधीच्या दोन्ही कोर्सची नावं, डोस आणि तारखा एका कागदावर लिहून न्या. त्या औषधांना न जुमानणारे जंतू मागे उरले असण्याची शक्यता डॉक्टरांना तेवढ्यावरून कळते.

आता ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात कुठेच उल्लेख नाही आणि ज्यावर पाय वाचणं सगळ्यांत जास्त अवलंबून आहे, ती म्हणजे रक्तपुरवठा. अंगठा काढायचा असो वा ठेवायचा, पायात पुरेसं रक्त उतरतंय का हे मोजल्याशिवाय ठरवता येत नाही. रक्त कमी असताना अंगठा काढला तर ती शस्त्रक्रियेची जखमही भरत नाही. मग अर्धं पाऊल, मग गुडघ्याखालून पाय, अशी कापाकापी वर चढत जाते. पावलावरच्या आणि घोट्यामागच्या नाड्या बोटाने लागतात का ते आधी पाहतात, पण नाडी लागली म्हणून भागत नाही. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. ते 0.9 ते 1.3 असेल तर साधारण ठीक मानतात, पण जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठून त्या कडक होतात आणि आकडा खोटाच चांगला येतो. म्हणून बोटाचा रक्तदाब मोजायला सांगा आणि डॉपलरवर (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह पाहणाऱ्या यंत्रावर) प्रवाहाची लाट कशी दिसते तेही विचारा. बोटाचा दाब 30 मिलिमीटर पाऱ्याच्या खाली, घोट्याचा 50 च्या खाली किंवा गुणोत्तर 0.5 च्या खाली असेल, तर रक्तवाहिन्यांची तपासणी आणि अँजिओप्लास्टी (तुंबलेली रक्तवाहिनी आतून रुंद करणं) किंवा बायपास (रक्ताला नवी वाट करून देणं) यांचा विचार तातडीने करावा लागतो. पू आणि कमी रक्त दोन्ही एकत्र असतील तर आधी पू मोकळा करतात आणि पुढच्या काही दिवसांत पायाचा रक्तप्रवाह मोकळा करतात. अँजिओग्राफीची तारीख मिळेपर्यंत पू आत ठेवून बसत नाहीत.

हे सगळं हातात आलं की तुमचा मूळ प्रश्न सुटायला लागतो. हाडाचा थोडाच भाग बिघडलाय, रक्त चांगलं आहे, वरून झाकायला निरोगी कातडी आहे आणि संसर्ग पसरत नाही, अशा स्थितीत साधारण 6 आठवड्यांच्या अँटिबायोटिकने, अंगठा न काढता, हाडाचा संसर्ग बरा होऊ शकतो. अंगठा काळा पडला असेल, सांधा उघडा पडून हाड भुसभुशीत झालं असेल, किंवा पू स्नायुबंधाने मागे चालला असेल, तर खराब भाग काढणं हाच पाय वाचवण्याचा मार्ग असतो. तेव्हा "बोट गेलं" म्हणून बाबांनी आणि तुम्ही खचू नये. वेळेवर काढलेलं एक बोट अनेकदा पूर्ण पाय राखतं, आणि टाच व चवडा शाबूत असला की माणूस स्वतःच्या पायांनी चालतो. एक मात्र आधीच समजून घ्या: अंगठा चालताना मोठा भार घेतो. तो गेला की भार शेजारच्या बोटांखाली सरकतो आणि तिथे नवी जखम होऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेसोबतच नंतरच्या पादत्राणांची व्यवस्था ठरवा. डॉक्टर अंगठा काढायचा म्हणाले तर "हाड किती खराब आहे, कशावरून ठरवलं, बोटाचा दाब किती आला, काढल्यावर जखम भरेल इतकं रक्त आहे का" हे विचारायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरांकडे या प्रश्नांची उत्तरं आकड्यांत तयार असतात.

अँटिबायोटिक किती दिवस, याबद्दल गैरसमज फार. फक्त कातडी आणि मांसात संसर्ग असेल तर 1 ते 2 आठवडे पुरतात. संसर्ग मोठा असेल, हळू ओसरत असेल किंवा रक्त कमी असेल तर 3 ते 4. खराब हाड पूर्ण काढलं गेलं असेल तर थोडे दिवस. कापलेल्या टोकाच्या नमुन्यात जंतू उरले असतील तर 3 आठवड्यांपर्यंत. मध्यम-गंभीर संसर्गात सुरुवात बहुधा शिरेतून होते. संसर्ग गेला की औषध थांबतं, जखम भरेपर्यंत चालू ठेवायचं नसतं. जखम भरायला महिने लागतील, आणि तोपर्यंत औषध घेत राहिल्याने जखम लवकर भरत नाही, फक्त चिवट जंतू तयार होतात. 4 आठवडे योग्य औषध देऊनही संसर्ग हटला नाही, तर औषध बदलण्याआधी पुन्हा पहिल्यापासून पाहायचं: आत पू राहिला का, हाडातला संसर्ग नजरेतून सुटला का, रक्त कमी आहे का. औषध सुरू होण्याआधी क्रिएटिनिन बघून घेतील. मूत्रपिंड कमजोर असेल तर काही औषधांचा डोस बदलावा लागतो.

साखरेसाठी काही काळ इन्सुलिन लागलं तर नाही म्हणू नका. संसर्ग असताना गोळ्या पुऱ्या पडत नाहीत. बाबांच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा कॅनाग्लिफ्लोझिन यांपैकी एखादं नाव आहे का ते पाहा आणि डॉक्टरांना आवर्जून दाखवा. पायाला जखम असताना आणि शस्त्रक्रियेआधी ही औषधं थांबवायची का, हे त्यांना ठरवावं लागतं.

आणि बाबांचं फिरणं आजपासून बंद. हे त्यांना सगळ्यांत जड जाईल, पण उपचारातला हा भाग औषधाइतकाच मोठा आहे. जखम अगदी भार पडतो त्या जागी आहे. प्रत्येक पावलाला तिथलं नवं मांस चिरडलं जातं, आणि दुखत नसल्याने बाबा लंगडतही नाहीत. पूर्ण वजन टाकून चालतात. पाच आठवड्यांचं ड्रेसिंग वाया जाण्याचं हे एक मोठं कारण असणार. चपलेत मऊ गादी घालून हे भागत नाही. संसर्ग आटोक्यात आला आणि रक्त चांगलं असलं, तर चवड्याखालच्या जखमेला पहिली पसंती गुडघ्याखालपर्यंतच्या, रुग्णाला स्वतः काढता न येणाऱ्या साधनाला. त्यातलं जुनं आणि विश्वासाचं म्हणजे तळपायाला सर्वत्र चिकटून बसणारं प्लास्टर. "काढता न येणारं" हे मुद्दाम, कारण काढता येणारा बूट माणूस रात्री बाथरूमला जाताना घालत नाही. खोल संसर्ग किंवा रक्ताची कमतरता असेल तेव्हा जखम रोज पाहावी लागते, म्हणून काढता येणारा उंच बूट देतात. तोपर्यंत वॉकर किंवा व्हीलचेअर. अंथरुणात पडून राहिल्यावर दुसऱ्या पायाच्या टाचेला जखम होते, तीही वाटच पाहत असते. पोटरीखाली उशी ठेवून दोन्ही टाचा गादीपासून अधांतरी राहतील असं करा.

ड्रेसिंगचं फार गूढ मानू नका. सलाईनने धुणं, निथळणारा स्राव टिपेल आणि जखम फार कोरडी पडू देणार नाही अशी पट्टी, आणि दर एक-दोन आठवड्यांनी, गरजेप्रमाणे त्याहून लवकर, जाणकाराकडून मेलेला भाग आणि कडेचा घट्टा काढून घेणं. महागड्या चांदीच्या किंवा औषधी पट्ट्यांनी जखम लवकर भरते असा भक्कम पुरावा नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, कडक जंतुनाशक द्रावण जखमेत ओतू नका. ते नवं मांसही जाळतं. पाय पाण्यात बुडवून ठेवू नका. एखादं बोट कोरडं, काळं, कडक झालं असेल तर ते भिजवू किंवा ओढू नका, कोरडंच ठेवा. ते ओलं झालं किंवा वास यायला लागला की लगेच दाखवा. दर आठवड्याला शेजारी मोजपट्टी ठेवून जखमेचा फोटो काढा, लांबी आणि रुंदी लिहा. 4 आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही तर रक्तपुरवठा, जखमेवर पडणारा भार आणि हाड हे तिन्ही पुन्हा तपासायला सांगा.

जाता जाता एक महत्त्वाचं, कारण मधुमेह तुमच्या घरात इतरांनाही असू शकतो. जखम नसताना पाय लाल, गरम आणि सुजलेला दिसला तर लगेच संसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू करू नका. बधिर पायातली हाडं आणि सांधे आतून मोडायला लागले तरी असंच दिसतं. त्याला शार्को पाऊल म्हणतात. पाय पाच-दहा मिनिटं उंच धरल्यावर लाली बरीच उतरली तर शार्कोची शंका घ्यावी. संसर्गाची लाली सहसा तशी उतरत नाही. या आजारातही सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. निदान होईपर्यंत त्या पायावर वजन टाकायचं नाही.

बाबांची जखम भरेल तेव्हा काम थांबणार नाही. जखम भरलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा जखम होते. म्हणून रोज रात्री दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहायच्या; बाबांना वाकता येत नसेल तर हे काम तुम्ही करा. घरातही अनवाणी चालायचं नाही. बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा, खिळा, शिवण तपासायची. पाणी किती गरम आहे ते पायाने पाहू नका, कोपराने पाहा. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत. कातडी मऊ ठेवणारं मलम तळव्याला आणि टाचेला लावा, बोटांच्या मध्ये नको. घट्टा किंवा कुरूप घरी कापायचं नाही आणि त्यावर आम्लाच्या पट्ट्याही लावायच्या नाहीत. घट्टा दिसला की तो जाणकाराकडून काढून घ्यायचा, कारण बाबांची जखम घट्ट्याखालीच तयार झाली होती.

डाव्या पायाची संवेदना तुम्हाला घरीच तपासता येईल. बाबांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा, दाबू नका, आणि जाणवलं की "हो" म्हणायला सांगा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी जाणवलं नाही तर संवेदना गेली आहे असं समजा, आणि उद्या उजवा पाय दाखवाल तेव्हा डाव्या पायाचा मोजाही काढून दाखवा.